पन्नास टक्क्यांचं वीस टक्के

दहावीचा निकाल लागून दोन आठवडे होत आले होते आणि अकरावीच्या अर्जात शाखा अजून ठरली नव्हती. सूरजागडच्या डोंगराखालच्या एका गावात, नुकत्याच सारवलेल्या अंगणात, त्या एका शब्दावरून दोन माणसं संध्याकाळभर वाद घालत बसली. मी ऐकायला होतो. मुलगी मोहाच्या झाडाखाली बकऱ्या बांधत होती, कान मात्र आमच्याकडे.

तिला नर्स व्हायचंय. त्यावर वाद नव्हता. आश्रमशाळेतून चांगल्या गुणांनी पास झालेली पोर, आणि डोळ्यांपुढे सख्ख्या आत्याचं उदाहरण. आत्या म्हणजे गावोगाव ज्यांना नुसतं ‘सिस्टर’ म्हणतात त्या. दहावीवर अठरा महिन्यांचा एएनएमचा कोर्स होता त्या काळातल्या. आधी उपकेंद्र, मग प्राथमिक आरोग्य केंद्र, असं करत सगळी नोकरी जंगलातच झाली. मागच्या वर्षी घरी बसल्या. दुसरे सर. तालुक्याबाहेरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवतात. सिस्टरांनीच त्यांना सल्ल्यासाठी बोलावलं होतं.

येताना वाटेत मी मनाशी धरून चाललो होतो की सर केमिस्ट्रीची बाजू घेतील आणि सिस्टर म्हणतील, कशाला एवढं, कला शाखा घे, दोन वर्षांत एएनएम हो. झालं नेमकं उलट.

“कला घे,” सर म्हणाले. “बारावी कर, जीएनएमला जा. केमिस्ट्रीच्या वाटेला जाऊ नको.”

सिस्टरांच्या हातातला चहाचा पेला तसाच राहिला. “सर, तुमचाच विषय, आणि तुम्हीच असं म्हणता?”

“माझा विषय आहे म्हणूनच म्हणतो. ही घरात माडिया बोलते. मराठी शाळेत शिकली, म्हणजे ती तिची दुसरी भाषा. आता सायन्सला गेली की पहिल्या दिवशी हातात इंग्रजी पुस्तक. ‘द्रावण’ हा शब्द तिनं नववी-दहावीत कसाबसा आपला केला असेल. तो गेला, ‘सोल्यूशन’ आलं. ‘क्षपण’ गेलं, ‘संयुजा’ गेली, ‘उत्प्रेरक’ गेला. एका उन्हाळ्यात सगळे शब्द रद्द. माझ्या वर्गात दर वर्षी अशा मुली येतात, नर्स व्हायचंय म्हणून सायन्स घेतलेल्या. पहिल्या चाचणीत पंचवीसपैकी तीन-चार गुण पडतात. पोळ्याला गावी जातात त्या परत येत नाहीत. त्या मुली मठ्ठ नसतात, सिस्टर. त्यांची नावं मला पाठ आहेत.”

हे ते चढ्या आवाजात बोलले नाहीत. बराच काळ आत ठेवलेलं बाहेर काढल्यासारखे बोलले.

मग त्यांनी अभ्यासक्रम मांडला. बारावीच्या रसायनशास्त्राला सोळा धडे. पहिलाच घन अवस्थेचा, स्फटिकात अणू कसे रचलेले असतात आणि मध्ये किती टक्के जागा मोकळी राहते. पुढं द्रावणं, आयनिक समतोल, ऊष्मागतिकी, विद्युत रसायन, अभिक्रियेचा वेग, संक्रमण मूलद्रव्यं, मग कार्बनी रसायनाची रांग. लेखी ७० गुण, प्रात्यक्षिक ३०. “यातलं रुग्णाच्या खाटेशी जाऊन काय उपयोगी पडतं, ते मला शोधून द्या,” सर म्हणाले. “अमेरिकेत नर्सिंगला जाणाऱ्यांसाठी कम्युनिटी कॉलेजात वेगळा केमिस्ट्रीचा कोर्स असतो. सामान्य, कार्बनी आणि जैविक रसायन, तिन्हींतलं रुग्णालयात लागेल तेवढं एकत्र. मला तसा कोर्स शिकवू द्या, मी उद्या या पोरीला नाव घालायला सांगतो. आपल्याकडे इंजिनिअर होणाऱ्याला आणि नर्स होणारीला एकच पुस्तक.”

वाचकांसाठी नियम इथं सांगून टाकतो, कारण घरोघरी याच गाठीशी गाडं अडतं. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. त्याला बारावी विज्ञान लागतं, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी घेऊन. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमानं पहिल्या तीन विषयांत मिळून ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के. शिवाय महाराष्ट्रात आता सीईटी आहे आणि तिच्या १०० प्रश्नांत रसायनशास्त्राचे २०. जीएनएम तीन वर्षांचं. त्याला इंग्रजीसह बारावी आणि ४० टक्के गुण हवेत, शाखा कोणतीही चालते, विज्ञान असेल तर बरं. एएनएम दोन वर्षांचं, तेही कोणत्याही शाखेतून. जीएनएम झालेलीला पुढं दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं. म्हणजे कला शाखेनं पदवीचा रस्ता कायमचा बंद होत नाही, लांबचा होतो. सरांचा सगळा भर यावर होता: तीन अधिक दोन अशी पाच वर्षं लागतील, पण प्रत्येक पायरीवर पाय टेकायला जागा आहे. सायन्सला गेली आणि बारावी नापास झाली, तर एकही पायरी नाही.

“तुमचा हिशेब बरोबर आहे,” सिस्टर म्हणाल्या. “पण तुम्ही कोर्सचा हिशेब करून राहिले. मी रात्रीचा करते.”

आणि त्यांनी एक रात्र सांगितली. कोणतं केंद्र ते त्यांनीही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. श्रावणातला पाऊस, नाल्याला पाणी, डॉक्टर दुसऱ्या रुग्णाबरोबर गाडीत गेलेले. पहिलटकरीण आणली. नववा महिना लागलेला, चेहऱ्यावर सूज, बीपी चढलेलं, आणि खाटेवर टाकताच झटके. औषध कपाटात होतं: मॅग्नेशियम सल्फेट. फोन एकदा लागला. पलीकडून डॉक्टर म्हणाले, चार ग्रॅम शिरेतून द्या, वीस टक्के करून, सावकाश. मग फोन गेला.

“अँप्यूलवर लिहिलं होतं ५० टक्के,” सिस्टर म्हणाल्या. “पन्नासाचं वीस कसं करायचं ते मला येत नव्हतं.”

सरांनी चुलीजवळची काडी उचलली आणि अंगणातल्या सारवणावर आकडे काढले. ५० टक्के म्हणजे १०० मिलीलीटरमध्ये ५० ग्रॅम. २ मिलीच्या अँप्यूलमध्ये १ ग्रॅम. चार ग्रॅम म्हणजे ८ मिली. वीस टक्क्यांसाठी तेच चार ग्रॅम २० मिलीत बसायला हवेत. ८ मिली औषध, १२ मिली डिस्टिल्ड वॉटर. काडी ठेवून ते म्हणाले, “हे सातवीचं गणित आहे, सिस्टर. यात केमिस्ट्री कुठं आहे?”

“गणित मला येत होतं. टक्के कशाचे, ते माहीत नव्हतं.”

सर गप्प झाले.

“आम्हाला टक्के म्हणजे परीक्षेतले,” सिस्टर म्हणाल्या. “शंभरपैकी पन्नास. त्या बाटलीत शंभर काय आणि पन्नास काय? ग्रॅम कशात, मिली कशाचं? कोनी सांगितलंच नव्हतं. मी मग जे पाठ होतं ते केलं. दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम खोल टोचलं, एकेका बाजूला पाच अँप्यूल. गाडी आली तशी अहेरीला नेलं. बाई वाचली, लेकरूही वाचलं. पण ती माझी हुशारी नव्हती. पाठ केलेलं त्या दिवशी पुरलं, एवढंच.”

इथं मला मध्ये बोलायचंय. स्नायूत टोचायची ती दहा ग्रॅमची मात्रा देऊन बाईला पुढं पाठवायचं, हेच एएनएमला शिकवलेलं असतं आणि तेच बरोबर आहे. मॅग्नेशियम सल्फेट हे काही खेडवळ औषध नव्हे. गरोदरपणातल्या झटक्यांवर ते डायझेपाम आणि फेनिटॉइनपेक्षा सरस ठरतं, हे १९९५ साली अनेक देशांत मिळून झालेल्या मोठ्या चाचणीनं दाखवलं, आणि आज जगभर तेच पहिलं औषध आहे. सिस्टरांनी चूक केली नाही. त्यांना जे डाचत होतं ते वेगळं: फोनवर आलेली सूचना त्यांना कळली नाही, आणि ती न कळण्याचं कारण त्यांना तेव्हाही माहीत होतं.

“अजून एक,” त्या सरांना म्हणाल्या. “ते औषध जास्त झालं तर श्वास मंदावतो. म्हणून पुढच्या डोसाआधी गुडघ्यावर ठोकून पाहायचं, श्वास मोजायचा, लघवी किती झाली ते पाहायचं. आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट तयार ठेवायचं. तीस वर्षं ठेवलं मी. कॅल्शियमच काहून? ते कधी कळलं नाही.”

“कारण ते एकाच घराण्यातले आहेत,” सर पटकन म्हणाले. शिक्षक बोलू लागला की ओळखू येतो. “आवर्त सारणीत मॅग्नेशियम वर, त्याच्या बरोबर खाली कॅल्शियम. दोघांवर दोन धन भार. मज्जातंतूच्या टोकातून स्नायूला निरोप जायचा तर कॅल्शियमला आत शिरावं लागतं. मॅग्नेशियम त्याची वाट अडवून बसतं. झटके थांबतात ते मेंदूतल्या परिणामानं, पण औषध जास्त झालं की श्वासाच्या स्नायूंनाही निरोप जात नाही. मग आपण कॅल्शियमची फौज वाढवतो, मॅग्नेशियम बाजूला सारलं जातं.”

“हे तुम्ही वर्गात सांगता?”

सरांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. “दुसऱ्या गणाची मूलद्रव्यं अकरावीला आहेत. घनता, वितळणबिंदू, पाण्याशी अभिक्रिया. हे नाही सांगत.”

सिस्टरांनी तो मुद्दा ताणला नाही. मलाही त्या वेळी वाटलं की वाद मिटला. पण सर इतक्यात हार मानणाऱ्यांतले नाहीत, आणि पुढं त्यांनी जो दाखला काढला तो याच जिल्ह्यातला आणि बिनतोड होता.

“शोधग्राम आठवा,” ते म्हणाले. “अभय बंग आणि राणी बंग यांनी काय करून दाखवलं? पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच बायका. त्यांना शिकवलं, तान्ह्या बाळाचं वजन घ्यायला, श्वास मोजायला, जंतुसंसर्ग ओळखायला, जेंटामायसिनचं इंजेक्शनसुद्धा द्यायला. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं: ३९ गावांत नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आले. त्या बायकांना कुठं केमिस्ट्री होती? जग बदललं ना त्यांनी? नीट शिकवलेली, नीट तपासलेली कृती पुरते, सिस्टर. पाठांतराला इतकी नावं ठेवू नका.”

मला वाटतं, दोन्ही बाजूंनी मांडलेल्या मुद्द्यांत हा सगळ्यांत वजनदार होता. आरोग्यसेवेत जीव वाचवणारं बरंचसं काम खरोखर ठरवून दिलेल्या पायऱ्यांनीच होतं. ओआरएसचं पाकीट घ्या. ते एक लिटर पाण्यात पूर्ण ओतायचं, एवढं आईला कळलं की बाळ वाचतं, आत २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट आहे, हे तिला ठाऊक असण्याची गरज नाही.

सिस्टर म्हणाल्या, “त्या बायकांच्या पाठीशी बंग डॉक्टर होते. डोस किती, ते वजनाच्या तक्त्यावर आधीच लिहून दिलेलं. कोनीतरी येऊन तपासत होतं. एकच काम, शंभरदा घोटलेलं. मला त्यांच्याबद्दल आदरच आहे, त्यांतल्या काहींना मी ओळखते. पण नर्सला एकच काम नसतं. आज झटके, उद्या साप, परवा हगवण, त्याच्या पुढच्या दिवशी औषधाची कंपनी बदललेली आणि बाटलीवरचा आकडा वेगळा. आणि पाठीशी रात्री कोनी नाही. तक्ता तिथं संपतो.”

“सापाचं सांगते,” त्या पुढं म्हणाल्या. “घोणस चावली की रक्त गोठत नाही. तपासायची रीत सोपी. काचेच्या कोऱ्या, कोरड्या नळीत दोन मिली रक्त, वीस मिनिटं हात लावायचा नाही, मग तिरपी करून पाहायची. आमच्याकडे एक परिचर होती, फार कष्टाळू. नळ्या पावडरनं घासून-घासून लखलखीत करायची. एकदा साधा रुग्ण, साप विषारी नसावा असं सगळ्यांनाच वाटत होतं, आणि नळीत रक्त गोठेचना. मोठे डॉक्टर आले, त्यांनी पहिली गोष्ट विचारली: नळी धुतलेली आहे का?”

“काचेचा पृष्ठभाग गोठण्याची सुरुवात करून देतो,” सर म्हणाले. “त्यावर साबणाचा थर बसला की ते काम होत नाही. प्लास्टिकच्या नळीतही होत नाही.”

“हां. पण त्या पोरीला ते कोनी सांगितलं असतं तर तिनं कशाला घासली असती? स्वच्छता चांगली, एवढंच तिला माहीत. चांगलं करायला गेली.”

मुलगी एव्हाना चहा घेऊन आली होती. कोरा चहा, आलं घातलेला. तिची आई आतून म्हणाली की तिला नको, तिनं आत्ताच गोळी घेतलीय. रक्तवाढीची लाल गोळी, तिला सहावा महिना आहे. आशाताईनं सांगितलंय, गोळी चहाबरोबर घ्यायची नाही.

“का नाही घ्यायची?” मुलीनं सरांना विचारलं. तेवढ्या वेळात ती पहिल्यांदा बोलली.

सरांनी तिला समोर बसवलं. चहात टॅनिन असतं, ते लोहाला धरून ठेवतं, मग आतडं ते लोह घेऊ शकत नाही. लिंबू, आवळा उलट काम करतात. आतड्याला लोह फेरस रूपात सोपं जातं. भाजीपाल्यातलं पुष्कळसं फेरिक असतं. लिंबातलं क जीवनसत्त्व फेरिकचं फेरस करतं. त्याला क्षपण म्हणतात.

“आणि आपल्या डोंगरातलं?” तिनं विचारलं.

या प्रश्नाची पार्श्वभूमी इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सूरजागडचा डोंगर हेमॅटाइटचा आहे. २००७ साली सुमारे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा दिला गेला. २०१६ च्या डिसेंबरात नक्षलवाद्यांनी इथं कितीतरी वाहनं जाळली. २०२१ पासून उत्खनन जोरात सुरू झालं. एटापल्लीच्या रस्त्यावर ट्रकची रांग असते, पावसाळ्यात चिखल लाल होतो, उन्हाळ्यात झाडांची पानं. त्या खाणीबद्दल गावात दोन मतं आहेत, घरात दोन मतं आहेत. हेडरीत खाण कंपनीनं दवाखाना उभा केला तरी ती मतं एक झालेली नाहीत, आणि तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण डोंगर लोखंडाचा आणि पायथ्याच्या बायकांच्या रक्तात लोह कमी, हे रोज पाहणाऱ्या मुलीनं तो प्रश्न विचारायलाच हवा होता.

“ते फेरिक ऑक्साइड,” सर म्हणाले. “लाल धूळ पोटात गेली तरी विरघळत नाही, आली तशी जाते. चामोर्शी तालुक्यात कोनसरीला कारखान्यात ते भट्टीत घालतात. तिथं कोळशाच्या मदतीनं त्याच्यातला ऑक्सिजन काढून घेतात, तेव्हा लोखंड मोकळं होतं. त्यालाही क्षपणच म्हणतात. भट्टीत कोळसा जे करतो, त्याच जातीचं काम पोटात लिंबू करतं.”

मुलगी ऐकत राहिली. सिस्टर सरांकडे पाहत होत्या. “मराठीत सांगितलं तर कळलं ना तिला?” त्या म्हणाल्या.

मग सिकलसेलचा विषय निघाला, आणि माझ्या दृष्टीनं त्या संध्याकाळचा निकाल तिथं लागला. सिस्टरांनी सोल्युबिलिटी टेस्ट किती केल्या याची गणती नाही. नळीत द्रव, त्यात बोटातून काढलेलं रक्त, नळीमागं काळ्या रेघांचा कागद. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह. गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह, आणि मग नमुना इलेक्ट्रोफोरेसिससाठी जिल्ह्याला. “आईबाप विचारायचे, आमच्या पोराच्या रक्तात काय वाईट आहे? देवाचं काही राहिलं का? मी म्हणायची, आजार आहे. त्यांचं समाधान व्हायचं नाही. माझंही नाही.”

सरांनी या वेळी काडी उचलली नाही, नुसते बोलले. त्या द्रवात डायथायोनाइट असतं, ते रक्तातला ऑक्सिजन काढून घेतं. ऑक्सिजन गेला की सिकलचं हिमोग्लोबिन विरघळलेलं राहत नाही, म्हणून नळी गढूळ. तेच रुग्णाच्या शरीरात होतं, तेव्हा तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. कारण काय, तर हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं ओवलेली असतात, त्यांतलं सहावं बदललेलं असतं. ग्लुटामिक आम्ल हवं तिथं व्हॅलिन. पहिलं पाण्याशी जमवून घेणारं, ऋण भाराचं. दुसरं तेलकट स्वभावाचं. त्या तेलकट टोकानं रेणू एकमेकांना चिकटतात आणि लांब दोर तयार होतात. ऋण भार कमी झाला म्हणूनच विजेच्या पट्ट्यावर हे हिमोग्लोबिन मागं रेंगाळतं, आणि वाहक कोण, आजारी कोण ते वेगळं काढता येतं. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हा भार वेगळा असल्याचं दाखवलं आणि सिकलसेलला रेणूचा आजार म्हटलं. आजाराचं मूळ एका रेणूत दाखवून देण्याची ती पहिलीच वेळ.

“एकशे सेहेचाळीसातलं एक,” सिस्टर म्हणाल्या. “एवढंच?”

“एवढंच. आणि दोघांकडून एकेक आलं तरच आजार. एकाकडूनच आलं तर नुसता वाहक. कुणाचं पाप नाही.”

“हे मला नोकरीत असताना कळलं असतं, तर मी त्या आयांना सांगितलं असतं.”

सरांना यावर काही सुचलं नाही. बऱ्याच वेळानं ते जे म्हणाले ते मी जसंच्या तसं लिहून घेतलं: “बारावीला जैवरेणूंचा धडा आहे. अमिनो आम्लं, पेप्टाइड बंध, सगळं आहे. मी तो वीस वर्षं शिकवतो. माझ्या बाकांवर सिकलची मुलं बसलेली असतात. मी कधी हे नाव घेतलं नाही, कारण पेपरात येत नाही.”

तरीही त्यांनी आपली बाजू सोडली नाही, आणि ते योग्यच होतं. त्यांचं म्हणणं एवढंच उरलं: मग हे नर्सिंगच्या शाळेतच शिकवा. बीएस्सीच्या दुसऱ्या सत्रात उपयोजित जैवरसायन आहे, तिसऱ्या सत्रापासून औषधशास्त्र आहे. दारावर कशाला परीक्षा? सिस्टरांनी उत्तर दिलं की ते बीएस्सीला आहे, जीएनएमला जैवरसायनाचा असा वेगळा विषय नाही. आणि बीएस्सीला जायला आधी बारावीची केमिस्ट्रीच लागते. शिवाय उपकेंद्रावर आता समुदाय आरोग्य अधिकाऱ्याची जागा असते, तिथं बीएस्सी नर्सिंग झालेली बसू शकते, एएनएम बसू शकत नाही. “मी जिथं तीस वर्षं दुसऱ्याच्या फोनची वाट पाहिली, तिथं हिनं खुर्चीवर बसावं,” त्या म्हणाल्या.

माझं मत विचाराल तर मी सिस्टरांच्या बाजूनं आहे. बीएस्सीच्या जागेसाठी केमिस्ट्री घ्यावी, हे कारण खरं असलं तरी मला पुरेसं वाटत नाही. पुण्या-नागपुरात नर्सच्या हाकेवर डॉक्टर असतो, फार्मासिस्ट असतो, प्रयोगशाळा असते. इथून जिल्ह्याचं ठिकाण शंभरावर किलोमीटर आहे. इथली नर्स पुष्कळदा शेवटचं माणूस असते. शेवटच्या माणसाला ‘का’ माहीत असावं लागतं. पण सरांचा इशारा बाजूला ठेवून ही निवड केली तर ती मुलीवर अन्याय करणारी ठरेल. इंग्रजी पुस्तकाची भिंत खरी आहे. पोळ्यानंतर न परतलेल्या मुली खऱ्या आहेत. त्यांना केमिस्ट्री जमली नाही असं म्हणणं खोटं आहे. त्यांना ती त्यांच्या भाषेत, त्यांच्या रक्ताच्या आणि त्यांच्या डोंगराच्या उदाहरणांनी कुणी सांगितलीच नाही.

शेवटी दोघांनी मिळून जे ठरवलं ते असं. विज्ञान शाखा, भौतिक, रसायन, जीव, गणित नाही. सर रविवारी दोन तास शिकवणार, मराठीत, आणि प्रत्येक संज्ञा तिन्ही भाषांत वहीत लिहून घेणार. माडिया शब्द मुलीनं शोधायचा. बारावीत केमिस्ट्रीला कमी पडले तरी एकूण ४० टक्के असले की जीएनएम आहेच, हे तिला आजच सांगून ठेवायचं, म्हणजे पहिल्या चाचणीला ती घाबरणार नाही. आणि अगदीच गाडं रुतलं तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून विज्ञानाचे विषय घेऊन बारावी करता येते, तीही बीएस्सी नर्सिंगला चालते.

अर्ज त्याच रात्री भरायचा होता. अकरावीचा प्रवेश आता राज्यभर ऑनलाइन आहे आणि गावात नेट येत-जात असतं. सरांच्या फोनवर दुसऱ्या खेपेला तो गेला.

तुमच्या घरात, शेजारात, तुमच्या आश्रमशाळेत दहावी झालेली आणि नर्स व्हायचं म्हणणारी पोर असेल, तर तिला रसायनशास्त्र घ्यायला सांगा. तिच्यासाठी आठवड्याला दोन तास देणारा एक शिक्षक आधी शोधा, मग सांगा. आणि पहिल्या चाचणीत तिला पंचवीसपैकी चार पडले, तर पोळ्यानंतर तिला कॉलेजात परत सोडायला स्वतः जा.